तपासलेली पत्रे

इंग्रजी शब्दाचे चुकीचे स्पेलिंग दिसले की पूर्वी मला राग येत असे. आता राग येत नाही. मी वही मिटून ठेवतो. नववीतल्या मुलांना वाटते, गुरुजींचे वय झाले. वय झालेले नाही, चाळिशीदेखील यायची आहे. माझी धाकटी बहीण वारली त्याला पाच वर्षे झाली. तिच्या जाण्यात माझ्या लाल शाईचा वाटा आहे, आणि तेवढेच मला सांगायचे आहे. हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही. घाई होऊ नये म्हणून रोज थोडे थोडे लिहितो.

त्या रागाबद्दल आधी सांगावे लागेल, कारण तो नुसता मास्तरकीचा राग नव्हता.

आम्ही बालाघाटचे. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, दाराबाहेर हिंदी. छप्पन्न साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, नागपूर तिकडे मराठी मुलखात गेले आणि आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो. मी तेव्हा विशीतला. शाळा सगळी मराठीत झालेली. नोकरीच्या मुलाखतीत हिंदी बोलू लागलो तर समोरचे दोघे साहेब एकमेकांकडे पाहून हसले आणि एकाने प्रेमानेच विचारले, "मराठी हो न?" त्याच वर्षी नागपूरला मावशीकडे गेलो तर तिच्या शेजारची मुले माझ्या 'मले-तुले'ची नक्कल करत जिना उतरली. हिंदी माझी नव्हती, आणि माझी मराठी धड कोणाला आपली वाटत नव्हती. इंग्रजी मात्र दोन्हीकडच्या कोणाच्याच आजीची भाषा नव्हती. तिच्यात शब्दाची अक्षरे ठरलेली होती, त्यांचा क्रम ठरलेला होता, आणि एकदा ती पाठ केली की मला हसायची कोणाची छाती नव्हती.

पाठ कशी केली तेही सांगतो. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांची एक पद्धत होती. चुकलेल्या शब्दाभोवती ते लाल गोल काढत आणि समासात दहाचा आकडा लिहीत. तो शब्द दहा वेळा लिहून आणायचा. अकराव्यांदा चुकला तर फूटपट्टीची धार बोटांच्या सांध्यांवर. 'रिसीव्ह' या शब्दात सी नंतर ई येते आणि मग आय, हे माझ्या उजव्या हाताची तर्जनी आजही जाणते. 'सेपरेट'च्या मधोमध ए असतो. 'नेसेसरी'त सी एकच आणि एस दोन. 'अंटिल'च्या शेवटी एल एकच, आणि 'टिल'ला मात्र दोन. यात शहाणपण काहीच नाही. मार खाऊन मिळवलेली वस्तू आहे ती, आणि मार न खाता दुसरा कोणी तोच शब्द चुकीचा लिहून सुखाने फिरतो, हे माझ्याच्याने पाहवत नसे. बहुतेकांचा राग असाच असावा. ज्याने सहज मिळवले त्याला दुसऱ्याच्या चुकीचे काही वाटत नाही.

त्यामुळे गावभर माझे हसे होत असे. मुख्य रस्त्यावरच्या एका शिंप्याने आपल्या पाटीवर 'टेलर' शब्द ओच्या जागी ई घालून लिहिला होता. मी रोज तिथून जाताना मान वळवायचो. शेवटी एक दिवस आत शिरून सांगितले. तो तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाची बाही बसवत होता. टाचण्या काढून म्हणाला, "गुरुजी, आप पैंट देखिए, पाटी मत देखिए. पाटी को कौन पहनता है?" गिऱ्हाईक हसले. मी म्हणालो, नाव चुकले की माणसावरचा विश्वास जातो. तर तो म्हणतो, "आपका जाता होगा. बाकी बालाघाट तो यहीं से सिलवाता है." शाळेतही माझे सोबती म्हणत, की हा माणूस लग्नपत्रिका हातात घेतो ती दौत शोधतच. मी ते स्तुतीसारखे घेत असे.

बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तेव्हा तिच्या अभ्यासाचे मीच पाहायचो. ती नववीपर्यंत शिकली. अक्षर सुंदर, पण स्पेलिंग भयंकर. तिला शब्द ऐकू येत, दिसत नसत. मी माझ्या मास्तरांचीच पद्धत तिला लावली, फक्त फूटपट्टी लावली नाही. ती निमूटपणे दहा-दहा वेळा लिहायची आणि पुढच्या आठवड्यात नवी चूक करायची. माय स्वयंपाक करता करता म्हणायची, "कायले तिले छळून राह्यला बापा? तिले कोन्ता कलेक्टर व्हायचं हाय?" बहीणच उत्तर द्यायची, "राहू दे माय. भाऊले तेवढाच इरंगुळा."

तिचे लग्न रामपायलीच्या पलीकडच्या एका खेड्यात झाले. धानाची शेती, माणसे चांगली. नवरा तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीवर कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. सासू आधीच गेलेली होती, जाऊ नव्हती, नणंदा आपापल्या घरी. मूलबाळ झाले नाही. म्हणजे बहुतेक दिवस घरात ती आणि सासरा. सासरा मोठा मायाळू माणूस. ती त्यांना मामाजी म्हणायची, मग मीही तसेच म्हणू लागलो. चौथीपर्यंत शिकलेले होते आणि मराठी अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचत.

त्या घराची एक रीत होती, आणि ती कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. त्या घरी आलेले पत्र दारापुढच्या छपरीत बसून मोठ्याने वाचले जाई. घरची माणसे असतच, शिवाय रस्त्याने जाणारा असेल तोही टेकायचा. घरातून जाणारे पत्रही टाकण्याआधी असेच वाचून दाखवायचे. यात पाळत ठेवण्याचा हेतू मुळीच नव्हता. पत्र एका माणसाचे नसते, घराचे असते, एवढीच त्यांची समजूत. वाचून झाले की कोणी म्हणायचे, माझाही रामराम लिहा. कोणी म्हणायचे, धानाचा बाजारभाव विचारा. तिरोडीहून नवऱ्याचे पत्र आले तरी तेही असेच सगळ्यांसमोर.

लग्नानंतरची तिची पहिली पत्रे मराठीत होती. सर्व खुशाल, धान बरे, मामाजींचा आशीर्वाद, शेजारच्या अमक्यांचा रामराम. वाचून काही कळत नसे. वर्षभराने अचानक एक इनलँड पत्र इंग्रजीत आले. मी चकित झालो आणि मला आनंदही झाला. वाटले, पोरीने अभ्यास सोडला नाही. तिच्या घरी, मागाहून समजले, मामाजींची छाती फुगली होती. "आपल्या घरून आता इंग्रजी कागद जाते," असे ते पोस्टमनला सांगत. वाचून दाखवायला सांगितले की ती पत्र हातात धरून मराठीत सर्व खुशाल, धान बरे म्हणायची, आणि ते मान डोलवायचे.

त्या पहिल्या इंग्रजी पत्रात तिने लिहिले होते की संध्याकाळी तिला फार भीती वाटते, आणि का वाटते ते सांगता येत नाही. मी 'संध्याकाळी'च्या आधीचे राहिलेले 'द' हे उपपद लाल शाईने घातले. आणखी चार गोल काढले. तेच पत्र माझ्या पत्रासोबत परत पाठवले, समासात दहाचा आकडा लिहून.

तिने पुढच्या पत्रात चारही शब्द दहा-दहा वेळा लिहिले आणि मग उरलेल्या जागेत मजकूर लिहिला. इनलँडला जागा ती किती. चाळीस शब्द आधी भरले की खाली आठ-दहा ओळी राहतात. पण आमची रीतच पडून गेली. तिने लिहायचे, मी तपासायचे, तिने दहा वेळा लिहायचे. तीन वर्षे हे चालले. आपण बहिणीसाठी काहीतरी करतो आहोत असे मला वाटे. इंग्रजी तिने का धरली, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. शाळेत असताना जिच्यापासून पळ काढायची ती भाषा, आणि लग्न झाल्यावर खेड्यात बसून लिहिते आहे, तर का?

एकदा धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत मी तिच्याकडे गेलो. अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने वारासिवनीपर्यंत आणि पुढे बैलगाडीने. छपरीत चार-पाच माणसे बसलेली होती. मामाजींनी मला बाजेवर बसवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "काय मास्तर, आमची सून इंग्रजी लिहते ते बराबर लिहते का?"

मला गंमत करावीशी वाटली. म्हणालो, "दहा शब्दांत तीन चुकते."

"मंग सात त बराबर हायेत न," मामाजी म्हणाले. "आमाले त दाहाच्या दाहा येत नाहीत."

सगळे हसले. मला तिथेच थांबता आले असते. पण मी तिच्या पत्रातले एकेक शब्द सांगू लागलो. ती कसे लिहिते आणि खरे कसे असते, बोटाने हवेत अक्षरे काढून. इंग्रजी कोणालाच येत नव्हते, तरी ते माझ्या हावभावांवर हसत होते. एक म्हातारा म्हणाला, "आता इच्या हातचा चहा बी तपासून घेजा, मास्तर." ती दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. हसत होती, एवढे मी पाहिले होते.

निघताना ती गाडीपर्यंत आली. बैल जुंपेपर्यंत थोडा वेळ होता. ती म्हणाली, "भाऊ, मी लिहते ते तुमी वाचता न?"

"वाचतो म्हणजे? अक्षर न अक्षर वाचतो."

"अक्षर नाही म्हनत मी."

"मग काय?"

तेवढ्यात मामाजी तांदळाची पिशवी घेऊन आले आणि ती मागे सरली.

ज्या पत्रासाठी हे सगळे लिहितो आहे ते त्याच्या पुढच्या वर्षी भादव्यात आले. शाळेत तिमाही परीक्षेचे पेपर तपासणे चालू होते. मी शिक्षकांच्या खोलीत बसलो होतो, समोर गठ्ठा, हातात लाल टाक. शिपायाने टपाल आणून दिले. मी पत्र फोडले आणि टाक खाली न ठेवताच वाचू लागलो.

सात-आठ ओळी होत्या. डाव्या स्तनात एक कठीण सूज आहे. चैत्रापासून आहे. दुखत नाही पण वाढते आहे. घरात सांगायला बाई कोणी नाही, नवऱ्यालाही सांगायची लाज वाटते, मामाजींना कसे सांगू. तुम्ही मला न्यायला या, मायचे निमित्त करा, मायला सांगा म्हणजे ती बाई डॉक्टरला दाखवील. एवढे सगळे त्यात होते. मोडक्या इंग्रजीत होते, पण कळत नव्हते असे एकही वाक्य नव्हते. मला ते तेव्हाही कळले होते. मी नुसत्या चुकाच पाहिल्या आणि मजकूर पाहिलाच नाही, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. काही वर्षे मी स्वतःला तसेच सांगत आलो. ते खरे नाही. मी वाचले, आणि माझे तोंड तापले. बहिणीने भावाला लिहायचा शब्द नव्हता तो. पलीकडे विज्ञानाचे गुरुजी पेपर तपासत बसले होते, त्यांना दिसू नये म्हणून मी पत्र अर्धे दुमडले. त्या शब्दातला ए राहिला होता. मी त्याच्याभोवती गोल काढला. 'सूज'साठी लिहिलेल्या 'स्वेलिंग'मध्ये एल एकच होता, तिथे गोल काढला. 'डॉक्टर'मध्ये ओच्या जागी ई होती, तिथेही. गोल काढल्यावर ते तीन शब्द इतर तीनशे शब्दांसारखे झाले, आणि माझे तोंड निवले.

लाल शाईचा असाही उपयोग असतो. चुकीवर बोट ठेवले की जे म्हटले आहे त्याला उत्तर द्यावे लागत नाही.

उत्तरात मी इंग्रजीतच लिहिले की प्रकृतीचे असे काही असेल तर शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला सांगावे, ऊन शेक घ्यावा, वाटेतल्या नदीचे पाणी उतरले की येऊन जाईन. आणि सवयीने समासात दहाचा आकडा. मायला सांगायचे मी दोनदा मनात आणले. दोन्ही वेळा ती चुलीपुढे होती आणि मला ते मराठीत कसे म्हणायचे ते सुचले नाही. मग पेपर संपवायचे होते, मग दसरा आला. नदीचे पाणी उतरले. मी गेलो नाही.

पंधरा-वीस दिवसांनी तिचे उत्तर आले. त्यात तीन शब्द होते, प्रत्येक दहा वेळा, एकाखाली एक, बिनचूक. बाकी काही नव्हते. सुंदर अक्षरात तीस ओळी, आणि खाली सही. मी एकदा डोळे फिरवले, बरोबरची खूण केली आणि ते परत पाठवले.

त्यानंतर तिची पत्रे सुधारली. पाऊस झाला. धान चांगले आहे. मामाजी बरे आहेत. मी बरी आहे. छोटी छोटी वाक्ये, एकही चूक नाही. तिला खात्रीने येत होते तेवढेच शब्द ती वापरत होती, आणि जे त्या शब्दांत बसत नव्हते ते लिहितच नव्हती. मी खूश होतो. त्यातले एक पत्र मी शिक्षकांच्या खोलीत दाखवलेसुद्धा. म्हणालो, बघा, खेड्यातली नववी शिकलेली पोर, पण एक लाल खूण करायला जागा नाही.

वैशाखात ती माहेरी आली. वाळली होती, पण उन्हाळ्यात सगळेच वाळतात. दुसऱ्या दिवशी माय तिची वेणी घालत होती. माय म्हणाली, हात वर कर, बट सुटली. तिचा डावा हात वर जाईना. मायने पदर बाजूला केला. मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होतो.  आतून माय म्हणाली, "हे कवापासून?" बहीण काय बोलली ते ऐकू आले नाही. माय बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "टांगा घेऊन ये."

गावातल्या बाई डॉक्टरांनी हात लावून पाहिले आणि चिठ्ठी लिहून दिली, नागपूरला न्या. गोंदियावरून नागपूर. मोठे इस्पितळ, लांब ओसऱ्या. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला आत बोलावले आणि तिच्या डोक्यावरून माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. हे किती दिवसांपासून आहे, विचारा तिला. मी मराठीत विचारायच्या आधीच तिने स्वतः इंग्रजीत उत्तर दिले, थोडे दिवस. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना पटले नव्हते. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मला वाचवण्यासाठी ती खोटे बोलली होती हे मला तिथेच कळले. आणि आता जे लिहितो ते लिहायला मला चार दिवस लागले: त्या क्षणीही माझ्या मनात आधी आले ते हे, की तिने 'फ्यू डेज'च्या आधी ए घातला नाही.

डॉक्टर मग म्हणाले की सहा-आठ महिन्यांपूर्वी आणली असती तर काही करता आले असते. ते त्यांनी इंग्रजीत सांगितले. तिला कळले होते.

त्यांनी काढता येईल तेवढे काढले आणि आम्ही तिला बालाघाटला घरी आणले. नवरा खाणीवरून रजा घेऊन आला, उशाशी बसून राहायचा. श्रावणात एका दुपारी माय देवळात गेली होती, तो औषध आणायला गेला होता, आणि आम्ही दोघेच होतो. मी विचारले. विचारायला नको होते. पण तोंडून गेले, "काहून सांगितलं नाही तू? पुन्हा एकदा तरी लिहायचं."

तिने छपराकडे पाहिले.

"सांगतलं होतं न, भाऊ. तुमी तपासून वापस पाठवलं."

 तीच पुढे म्हणाली, "मराठीत लिहाले पाह्यजे होतं मी. पन मामाजी छपरीत वाचून दाखवाले लावत. चार मानसात कसं वाचू?" आणि मग, मला बरे वाटावे म्हणून, "दाहा वेळा लिहून तो शब्द पाठ झाला मले. आता चुकनार नाही."

मी उठून बाहेर गेलो. अंगणात हौदाच्या कडेला बसून राहिलो. तिने पाणी मागितले तेव्हा मायने दिले असावे, मला आठवत नाही. भादव्यात ती गेली.

तेराव्याच्या दिवशी मामाजी आले. बरोबर नवे कोरे लुगडे आणले होते, रीत म्हणून. मायने ते हातात घेतले नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "वर्सभर माह्या पोरीच्या अंगात आग व्हती आन तुमाले दिसली नाही? दोन मानसांचं घर. रोज तिच्या हातचं खात व्हते न?" मामाजींनी लुगडे परत काखेत धरले. पंगतीला बसले, पण घास घेतला नाही. आलेल्या सगळ्यांनी ते ऐकले होते. त्या दिवसापासून आमच्या नात्यात त्या घराचे नाव, सुनेचे दुखणे न दिसलेले घर, असेच घेतले जाते.

मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. छोटी गाडी यायला अवकाश होता. ते बाकावर बसले, लुगड्याची गुंडाळी मांडीवर. म्हणाले, "मास्तर, एक इचारू का?"

"विचारा न."

"आमची सून तुमाले इंग्रजीत कागद लिहे. मी वाचून दाखव म्हनो, त ते सर्व खुशाल म्हने. तिनं तुमाले काही लिहलं होतं काय? या दुखन्याचं?"

मी विचारले, "ते कागद आहेत का तुमच्याकडे?"

"नाही. मागल्या दिवाईच्या सफाईत तिनंच सारे चुलीत टाकले. मी म्हनलो, काहून जाळतं, इंग्रजी हायेत, राहू दे. त ते म्हने, चुकीचे हायेत मामाजी."

म्हणजे आता ते पत्र पृथ्वीवर कुठेच नव्हते. ते वाचलेला माणूस एकच होता. मामाजी माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात मी हो म्हणावे अशी आशा होती. तिने कोणाला तरी सांगितले होते, अगदीच मुकाट्याने सोसले नाही, एवढे त्यांना ऐकायचे होते. ते माझ्यावर रागावलेही नसते.

"नाही," मी म्हणालो. "असं काही लिहिलं नव्हतं."

त्यांनी मान खाली घातली. बोटाने लुगड्याची घडी सारखी करत राहिले. "मंग आमचंच चुकलं," म्हणाले. "मायमावली बराबर बोलली."

गाडी आली. मी त्यांना हात धरून चढवले.

मागल्या वर्षी ते गेले, असे तिकडून आलेल्या एका माणसाने सांगितले. मी त्यांच्या गावाला गेलो नाही. माय आता थकली आहे, दुपारी ओसरीत बसते, आणि गल्लीतली कोणी ना कोणी बाई येऊन टेकते. बोलणे कुठूनही सुरू झाले तरी तिथेच येते. माय म्हणते, "म्हाताऱ्यानं ध्यान देलं असतं त जगली असती माही पोर." बाई हळहळते आणि खरे ना, अशा अर्थाने माझ्याकडे पाहते. मी वह्या घेऊन तिथेच बसलेला असतो.

मी मान हलवतो. हौ म्हणतो.